१२.९चा ॲलन बोल्ट सगळीकडे चालतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळच्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसच्या व्हॉल्व्ह ब्लॉकला एम१० (१० मिलिमीटर व्यासाचे), १२.९ या खूप उच्च ताकदीच्या ग्रेडचे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) लावले. काळे बोल्ट गंजतात म्हणून बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणले होते. आट्यांना तेल लावून, स्प्रिंग वॉशर घालून टॉर्क रेंचने ८५ न्यूटन-मीटरला आवळले. दुसऱ्या दिवशी प्रेस सुरू करायच्या आधीच दोन बोल्टांची डोकी तुटून खाली पडलेली. पुरवठादार म्हणतो, तुम्ही जास्त आवळले. त्यातच एका एरोस्पेस कंपनीच्या टेस्ट रिगचं काम आलंय आणि ड्रॉइंगवर एनएएस १३५१ या अमेरिकी एरोस्पेस मानकाचे, ए२८६ या न गंजणाऱ्या धातूचे बोल्ट दिलेत. ते १२.९पेक्षा कितीतरी महाग आहेत. 'त्यांच्या जागी चांगल्या कंपनीचे १२.९ लावले तर काय बिघडेल?'

आधी तुटलेल्या बोल्टांचं बघू. ते कळलं की दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

जास्त आवळल्यामुळे तुटणारा बोल्ट बहुतेक वेळा हातातच तुटतो. पाना फिरत राहतो पण जोर वाढत नाही, आणि मग कट्. अशा बोल्टाची मान बारीक झालेली असते, आटे ताणले गेलेले असतात. नवा नट फिरवून पाहिला तर मध्येच अडकतो. फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा बसणाऱ्या भाराने थकून, तुटायला हजारो-लाखो झटके बसावे लागतात आणि तुटलेल्या भागावर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात. तुमचा प्रेस तर सुरूच झाला नव्हता. नुसता आवळून ठेवलेला, प्लेटिंग केलेला १२.९ बोल्ट रात्रीतून तुटला असेल, तर माझा पहिला संशय हायड्रोजनवर. तुटलेली डोकी भिंगाखाली धरा. भंग सपाट, दाणेदार, चमचम करणारा असेल, मान अजिबात बारीक झालेली नसेल आणि तडा डोक्याखालच्या गोलाईत किंवा पहिल्या आट्यात सुरू झालेला दिसला, तर संशय बराच पक्का होतो. शंभर टक्के खात्री हवी असेल तर एखाद्या मेटलर्जिकल लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली भंग बघून घ्या. तोवर डोकी पुसू नका, दोन तुकडे एकमेकांवर बसवूनही बघू नका.

होतं काय, तर प्लेटिंगच्या आधी बोल्ट ॲसिडमध्ये पिकलिंगला, म्हणजे सफाईला, जातो, मग प्लेटिंगच्या टाकीत. दोन्हीकडे हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. पोलाद मऊ असेल तर फारसं बिघडत नाही. पण कडक पोलादाचा बोल्ट ताणाखाली आला की हा हायड्रोजन जिथे ताण सर्वात जास्त तिथे सरकत जातो आणि काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत, आतून तडा सुरू होतो. धोक्याची रेषा साधारण ३९ एचआरसीला (रॉकवेल हार्डनेस, म्हणजे कडकपणाचं माप) धरतात. ८.८ बोल्टाची हार्डनेस २२ ते ३२, १०.९ची ३२ ते ३९ आणि १२.९ची ३९ ते ४४. म्हणजे १२.९ अख्खाच्या अख्खा रेषेपलीकडे आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बोल्ट १९० ते २२० अंशांच्या भट्टीत घालून कित्येक तास बेक करणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. तुमच्या लॉटचा बेकिंग चार्ट मागा. मिळाला नाही तर उत्तर मिळालंच म्हणायचं. मिळाला तरी १२.९वर इलेक्ट्रोप्लेटिंग मी करत नाही, कारण बेकिंगने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

हा फक्त छोट्या वर्कशॉपचा घोटाळा आहे असं समजू नका. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात तीन इंच व्यासाचे, गॅल्व्हनाइझ केलेले उच्च ताकदीचे ९६ अँकर रॉड होते. मार्च २०१३मध्ये ते ताणले आणि पुढच्या काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. कारण तेच: कडक पोलाद, हायड्रोजन आणि कायमचा ताण. तिथे रॉडच्या खोबणीत आधी पाणीही साचून राहिलं होतं.

पुरवठादार मात्र पूर्ण खोटं बोलत नाहीये. एम१०चं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. १२.९चा प्रूफ स्ट्रेस, म्हणजे कायमचा न लांबता सोसता येणारा ताण, ९७० मेगापास्कल, म्हणून प्रूफ लोड सुमारे ५६ किलोन्यूटन. त्याच्या पाऊण म्हणजे ४२ किलोन्यूटन प्रीलोड (आवळल्याने बोल्टात बसणारा ताण) ठेवायचा असं धरलं आणि आटे कोरडे असले, म्हणजे टॉर्कचा गुणांक के (घर्षण त्यातच धरलेलं असतं) ०.२ असला, तर टॉर्क ८४ न्यूटन-मीटर येतो. तुमचा ८५चा आकडा याच हिशेबातून आलेला दिसतो. पण तुम्ही तेल लावलंत. तेल लावल्यावर के ०.१५च्या आसपास येतो आणि त्याच ८५ला ५७ किलोन्यूटन ताण बसतो, म्हणजे थेट प्रूफ लोड. कुणी मॉली पेस्ट (खूप निसरडं वंगण) लावली आणि के ०.१२वर आला, तर हिशेबात ७० किलोन्यूटन येतात, आणि १२.९ बोल्ट ६४ला यील्ड होतो, म्हणजे कायमचा लांबायला लागतो. पाना तोच, क्लिकही तोच, पण बोल्टाच्या पोटात ताण दीडपटीहून जास्त. टॉर्कमधला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात जिरतो. त्यामुळे घर्षण थोडं बदललं की ताण भरपूर बदलतो. टॉर्क लिहिताना शेजारी 'कोरडे', 'तेल लावून' की 'मॉली लावून' हे लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. तेल लावून आवळणार असाल तर ६० ते ६५वर थांबा. तेल लावणंच बरं, कारण कोरड्या आट्यांत एका बोल्टापासून दुसऱ्या बोल्टापर्यंत फरक फार पडतो.

आता मूळ मुद्दा: तिथे १२.९ हवाच होता का? व्हॉल्व्ह ब्लॉकवर सतत हायड्रॉलिक तेलाचा हात असतो. तिथला काळा बोल्ट गंजायला तुम्हाला बराच प्रयत्न करावा लागेल. पण काळा बोल्ट जुनाट दिसतो आणि झिंकचा चमकतो, म्हणून परचेसवाले झिंक मागतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. व्हॉल्व्ह बनवणाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये १०.९ चालतो असं लिहिलं असेल तर १०.९ घ्या. १२.९च लिहिला असेल तर काळा घ्या आणि तेल लावा. बाहेर पावसात राहणारं मशीन असेल तर झिंक-फ्लेक कोटिंगचे बोल्ट मागवा. ते कोटिंग बुडवून आणि भट्टीत भाजून बसवतात, त्यात विजेचा प्रवाह नसतो, म्हणून हायड्रोजनही शिरत नाही. ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगने सफाई केली आहे ना, एवढं विचारून घ्या. जाडी मात्र लक्षात ठेवा. आट्यांत कोटिंग भरतं आणि १२.९ची आट्यांची टॉलरन्स ५जी६जी असते, म्हणजे साध्या ६जीपेक्षा घट्ट.

गंजाला कंटाळून थेट स्टेनलेस लावायचा मोहही आवरा. ए२-७० स्टेनलेसचा यील्ड ४५० मेगापास्कल. एम१०ला २६ किलोन्यूटनच्या वर गेलात की तो लांबायला लागतो. ४२ किलोन्यूटनच्या जागी तो लावलात तर ब्लॉकच्या सीलमधून तेल यायला वेळ लागणार नाही. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे एकमेकांना पकडतात आणि मग बोल्ट ना पुढे जातो ना मागे येतो.

स्प्रिंग वॉशर काढून टाका, आजच. १२.९च्या खाली तो ४२ किलोन्यूटनने दाबला की चपटा होतो, आणि चपटा झालेला स्प्रिंग वॉशर हा साधा वॉशर. नासाच्या १९९०च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि जर्मनीने तर या वॉशरचं डिन १२७ मानकच मागे घेतलं. बोल्ट आडव्या हलण्याने सैल होतो हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९मध्ये दाखवलं. त्यांच्या नावाचं मशीन आजही लॉकिंगच्या चाचणीला वापरतात. सैल होण्यावर खरा उपाय म्हणजे पुरेसा प्रीलोड आणि पुरेशी लांबी. ग्रिप, म्हणजे बोल्टाने धरलेल्या भागांची जाडी, १५ मिलिमीटरची असेल तर आवळल्यावर बोल्ट जेमतेम ०.०५ मिलिमीटर ताणला जातो. पृष्ठभागाचे उंचवटे दबून दहा मायक्रॉन जरी बसले तरी ढोबळमानाने पाचवा हिस्सा ताण गेला. तोच बोल्ट ४० मिलिमीटर ग्रिपचा असेल तर ताणला जातो सुमारे ०.१२, आणि तेवढ्याच बसण्याने गमावतो बाराव्या हिश्श्याइतका. म्हणून जागा असेल तर लांब बोल्ट घ्या, खाली स्लीव्ह टाकावी लागली तरी. थ्रेडलॉकर हवा असेल तर वापरा, पण तोही घर्षण बदलतो, हे टॉर्क ठरवताना विसरू नका.

वॉशर टाकायचाच असेल तर कडक टाका, ३०० एचव्हीचा (विकर्स हार्डनेस, कडकपणाचंच दुसरं माप). एम१०च्या डोक्याचा व्यास १६ आणि भोक ११, त्यामुळे डोकं प्रत्यक्षात जेमतेम ९० चौरस मिलिमीटरवर टेकतं. ४२ किलोन्यूटन भागिले ९० म्हणजे ४७० मेगापास्कल दाब. खालचा भाग ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचा यील्ड २७६च्या आसपास. डोकं हळूहळू आत रुतणार आणि प्रीलोड जाणार. मऊ वॉशर टाकला तर ॲल्युमिनियमऐवजी वॉशर चेपतो, एवढाच फरक. भोकाच्या वरच्या काठाला बारीक चॅम्फर मारा; डोक्याखालची गोलाई ११.२पर्यंत असू शकते आणि ११च्या भोकाची धारदार कड तिथेच चावते, म्हणजे जिथे बोल्ट तुटतो नेमकी त्याच जागी.

ॲल्युमिनियममध्ये आटे पाडताना बोल्टाच्या व्यासाच्या दुप्पट खोली धरा, बीडात दीडपट, पोलादात एकपट पुरते. नेहमी उघडायच्या जागी वायरचे इन्सर्ट (आट्यांत बसणारी तारेची गुंडाळी) बसवा. आटे जाण्याऐवजी बोल्ट तुटावा असंच डिझाइन हवं, कारण तुटलेला बोल्ट दिसतो आणि निम्मे गेलेले आटे दिसत नाहीत.

डोक्याची उंची कमी हवी म्हणून बुटक्या डोक्याचा डिन ७९८४ किंवा बटन हेडचा आयएसओ ७३८० लावणार असाल तर डोक्यावरचा मार्क वाचा. ०८.८, ०१०.९ असं पुढे शून्य असतं. त्या शून्याचा अर्थ असा की धातू त्या ग्रेडचा आहे, पण डोक्याच्या आकारामुळे बोल्ट पूर्ण भार घेणार नाही. उंच डोक्याच्या आयएसओ ४७६२चा टॉर्क त्यांना लावू नका.

आता एरोस्पेसकडे येऊ. महाग बोल्ट म्हणजे जास्त ताकदीचा, हा समज आधी काढून टाका. १२.९ची ताणातली किमान ताकद १२२० मेगापास्कल आहे. ए२८६चे नेहमी मिळणारे बोल्ट १६० केएसआयचे, म्हणजे सुमारे ११०० मेगापास्कलचे. कागदावर तुमच्या शेल्फवरचा बोल्ट जास्त मजबूत. तरीही विमानवाले आणि उपग्रहवाले ए२८६ मागतात, कारण तो गंजत नाही, त्याला कोटिंग लागत नाही आणि त्यामुळे हायड्रोजनची वरची सगळी कटकट येत नाही. निकेल सुमारे २५ टक्के आणि क्रोमियम १५ टक्के असलेला हा धातू सहाशे अंशांच्या पुढेही बरीच ताकद टिकवतो. १२.९ तर ४२५ अंशांच्या आसपास टेम्पर केलेला असतो. त्या तापमानाच्या जवळ नेलात की तो परत टेम्पर होऊन मऊ पडतो. आयएसओचं ८९८-१ मानक १५० अंशांपर्यंतच्याच वापराबद्दल बोलतं.

बाकीचा पैसा आट्यांत आणि कागदात आहे. विमानात फटीगला चालणाऱ्या चांगल्या बोल्टांचे आटे हीट ट्रीटमेंटनंतर रोल करतात. त्यामुळे आट्याच्या तळाशी दाबाचा ताण शिल्लक राहतो आणि तडा उघडायला तयार होत नाही. यूएनजे (इंची) आणि एमजे (मेट्रिक) या एरोस्पेसच्या आट्यांत तळाची गोलाईही ठरवून दिलेली आणि तपासलेली असते. तुमच्या एनएएस १३५१ला यूएनआर आटे आहेत, तेही गोल तळाचेच. आणि कागद म्हणजे प्रत्येक लॉटचा हीट नंबर, केमिस्ट्री, टेन्साइल टेस्ट आणि कोणत्या भट्टीतून कधी गेला त्याची नोंद. १९८०च्या दशकात अमेरिकेत ग्रेड ८चे मार्क मारलेले, पण प्रत्यक्षात बोरॉन स्टीलचे स्वस्तातले ८.२ ग्रेडचे बोल्ट मोठ्या प्रमाणात बाजारात आले. गरम जागी ते ढिले पडायचे. त्यावरून १९९०मध्ये फास्टनर क्वालिटी ॲक्ट आला. डोक्यावरचा मार्क कुणीही ठोकू शकतो, हे तेव्हा अमेरिकेला कळलं. आपल्याकडेही खोक्यावरच्या छापापेक्षा टेस्ट सर्टिफिकेटवर आणि अधिकृत डीलरच्या बिलावर भरवसा ठेवा. शंका आली तर लॉटमधले दोन-तीन बोल्ट कापून मध्यभागी हार्डनेस बघा. ३९च्या खाली आली तर तो १२.९ नाही, आणि ४४च्या वर आली तर मी तो आणखी वाईट समजतो. ए२८६ला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला तर खोकं परत. न चिकटण्याने मात्र काही सिद्ध होत नाही, साध्या ३०४ लाही तो जवळपास चिकटत नाहीच.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी भीती मला वेगळीच वाटते: इंच आणि मेट्रिकची सरमिसळ. एनएएस १३५१-३ म्हणजे १०-३२ आटे, व्यास ४.८३ मिलिमीटर, पिच ०.७९४. एम५चा पिच ०.८. म्हणजे १०-३२चा बोल्ट एम५च्या भोकात अगदी सहज जातो, थोडा खुळखुळतो, आणि आवळला तर सुरुवातीला घट्टही लागतो. त्याची ॲलन की (आवळायची षटकोनी चावी) ५/३२ इंच, म्हणजे ३.९७ मिलिमीटर, एम५ची की ४ मिलिमीटर. दोन्ही खोकी एका ट्रेमध्ये आली की रात्रपाळीत कुणालाच कळणार नाही.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० हे विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने साऊदम्प्टनला विमान उतरवलं आणि ते वाचले. आदल्या दिवशी रात्रपाळीत काच बदलली होती. जुना बोल्ट हातात घेऊन, त्याच्याशी डोळ्यांनी ताडून नवे बोल्ट काढले गेले. ९०पैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने, म्हणजे अवघ्या ०.६६ मिलिमीटरने कमी होता. उरलेले सहा लांबीला कमी. ते काउंटरसंक बोल्ट होते, ॲलन नव्हते, पण जुना बोल्ट नमुना म्हणून घेऊन दुसरा शोधायची पद्धत आपल्या प्रत्येक स्टोअरमध्ये आहे. त्या विमानात तर काढलेले जुने बोल्टही आधीच चुकीचे, आखूड होते. रिगच्या कामाला स्वतंत्र कुलूपबंद ट्रे, इंचाच्या किजचा वेगळा सेट आणि पार्ट नंबर बघितल्याशिवाय बोल्ट द्यायचा नाही, एवढी शिस्त लावा.

म्हणून, १२.९ लावले तर काय बिघडेल? ते रिगवर कुठे बसणार त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही ठरवायचं नाही, ग्राहकाने ठरवायचं. त्यांना लेखी विचारा: हे बोल्ट उडणाऱ्या हार्डवेअरला लागणार की फक्त जमिनीवरच्या सांगाड्याला? सांगाड्याला असतील तर बरेच ग्राहक आयएसओ ४७६२चे बोल्ट सर्टिफिकेटसह मान्य करतात, पण ड्रॉइंगवर बदल करून किंवा लेखी डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळं करायची परवानगी) देऊन. फोनवरच्या 'चालेल हो'ला काही किंमत नाही. रिगचा एखादा भाग व्हॅक्यूम चेंबरमध्ये जाणार असेल तर तेही विचारा. तिथे झिंक आणि कॅडमियम दोन्ही बाद, कारण निर्वातात त्यांची वाफ होऊन आसपासच्या भागांवर बसते. बंद भोकात अडकलेली हवा तासन्‌तास झिरपत राहते, म्हणून मधोमध बारीक भोक पाडलेले व्हेंटेड बोल्ट लागतात. टायटॅनियमचे भाग असतील तर कॅडमियम त्यांच्या जवळही नको. लॉकवायर (बोल्ट फिरू नये म्हणून डोक्यांतून ओवायची तार) घालायची असेल तर भोक पाडलेल्या डोक्याचेच बोल्ट मागवा. नंतर डोक्यात ड्रिल मारून भोक पाडत बसू नका.

तुमच्याकडे त्या प्लेटिंगच्या लॉटचे जे बोल्ट उरलेत, ते 'पुढे कुठेतरी कामाला येतील' म्हणून शेल्फवर ठेवू नका. ब्लॉकवर अजून न तुटलेले आहेत तेही सगळे काढा, पण डोकं उडू शकतं म्हणून समोर उभं राहून नाही, चष्मा घालून आणि बाजूला उभं राहून. दोन तुटलेले नमुने लॅबसाठी वेगळ्या पिशवीत ठेवा, बाकीच्यांचे आटे ग्राइंडरवर घासून टाका आणि मगच भंगारात द्या. नाहीतर तेच बोल्ट कुणाच्या तरी खोक्यात '१२.९, झिंक' म्हणून परत विकायला येतील.